बर्फाखालचा शोध

मासे धरण्याची विद्या फार प्राचीन आहे. जेथे पाणी आहे तेथे मासा आहे. आणि जेथे मासा आहे तेथे त्याला पकडण्यासाठी माणसाने काही ना काही युक्ती योजलेली आहे. कोणी जाळे विणले, कोणी बांबूचे सापळे केले, तर कोणी हाती गळ धरला. माझे बहुतेक आयुष्य कोकणात गेले. आमच्याकडे खाडीकाठी बसून गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’ असे म्हणतात. गरवणारा माणूस काठावर नुसता स्वस्थ बसला आहे असे पाहणाऱ्याला वाटते. परंतु भरती केव्हा लागली, ओहोटी केव्हा सुरू होईल, आज उधाण आहे की भांग, याचा हिशेब त्याच्या मनात अखंड चालू असतो. पाणी वाचता आल्यावाचून मासा मिळत नाही, ही गोष्ट मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

पण पाणी मुळी दिसतच नसेल तर? त्याच्यावर हातभर जाड बर्फ पसरलेला असेल, त्या बर्फावर पुन्हा भुसभुशीत हिमाची चादर असेल, आणि सारे तळे एखाद्या पांढऱ्याशुभ्र माळासारखे दिसत असेल, तर मासा कोठे आहे हे कसे ओळखावे? या प्रश्नाचे उत्तर मला वयाची साठी उलटल्यावर, घरापासून हजारो मैल दूर असलेल्या एका प्रदेशात मिळाले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सरहद्दीला लागून मिनेसोटा नावाचे राज्य आहे. फार पूर्वी तेथे प्रचंड हिमनद्या होत्या. त्या वितळून मागे हटल्या तेव्हा त्यांनी कोरलेल्या आणि सोडलेल्या खळग्यांत पाणी साचले आणि असंख्य सरोवरे तयार झाली. दहा एकर किंवा त्याहून मोठी अशी ११,८४२ सरोवरे त्या एका राज्यात आहेत. तेथील मोटारींच्या पाट्यांवरसुद्धा ‘दहा हजार सरोवरे’ असे शब्द अभिमानाने लिहिलेले असतात. माझी मुलगी मिनियापोलिस शहराजवळ राहते. २०१९ सालच्या जानेवारीत मी तिच्याकडे होतो. बाहेर पाहावे तिकडे हिम! आणि त्या गोठलेल्या तळ्यांवर मात्र माणसांची वर्दळ. कोणी लहान तंबू ठोकला आहे, कोणी लाकडी खोपटे उभारले आहे, तर कोणी बादली पालथी घालून तिच्यावरच बसला आहे. प्रत्येकाच्या पुढ्यात बर्फाला पाडलेले एक लहानसे भोक आणि त्यात सोडलेली दोरी.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत असत. त्यांनी जन्मभर सुतारकाम केले होते. म्हणून माझी बारा वर्षांची नात त्यांना ‘सुतारआजोबा’ म्हणे. त्या दोघांची मोठी गट्टी होती. एके दिवशी दुपारी ते दाराशी आले आणि म्हणाले, “आज क्रॅपी धरायला जायचे आहे. गुरुजी, तुम्हीही चला.” तेथे मासे धरण्यासाठी मोठ्या माणसांना सरकारी परवाना काढावा लागतो. नातीला वयामुळे त्यातून सूट होती. माझ्याजवळ परवाना नव्हता. तेव्हा मी गळाला हात न लावता केवळ पाहावे, असे ठरले. पाहण्याचे काम तर माझ्या आवडीचेच!

आता हा क्रॅपी कोण, ते सांगतो. क्रॅपी हा गोड्या पाण्यातला एक चपटा, रुपेरी मासा आहे. त्याच्या दोन जाती आहेत, काळा क्रॅपी आणि पांढरा क्रॅपी. काळ्या क्रॅपीच्या अंगावर कोणी मूठभर काळे तीळ उधळावेत तसे ठिपके असतात. त्याची लांबी साधारणतः वीतभर, कधी थोडी अधिक. डोळे मोठे, त्यामुळे अंधुक प्रकाशात त्याला चांगले दिसते. सकाळचा झुंजुमुंजू आणि सायंकाळचा संधिप्रकाश, या वेळी तो विशेषेकरून खाद्य शोधतो. त्याच्या तोंडाची कड इतकी पातळ असते की, तेथील लोक त्याला ‘कागदी तोंडाचा मासा’ म्हणतात. दोरी हिसकली तर गळ ते तोंड फाडून निसटतो आणि मासा जातो. म्हणून क्रॅपीला वर काढताना हात हलका लागतो.

आम्ही तळ्यावर पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. शून्याखाली पंधरा अंश सेल्सियस इतकी थंडी होती. श्वासाची वाफ भुवयांवर गोठून पांढरी होत होती. मी उत्सुकतेने पुढे पाऊल टाकणार, तोच सुतारआजोबांनी हात आडवा केला. त्यांनी घसरगाडीवरून एक लोखंडी पहार काढली आणि ते स्वतः पुढे झाले. दर चार पावलांवर ते पहारेचा जोरदार ठोसा बर्फावर देत आणि कान देऊन ऐकत. भक्कम बर्फाचा आवाज घट्ट येतो; कच्च्या बर्फातून पहार खाली शिरते. मग त्यांनी नातीच्या गळ्यात एक दोरी अडकवली. तिच्या दोन टोकांना दोन लाकडी मुठी होत्या आणि प्रत्येक मुठीला अणकुचीदार खिळा होता. दुर्दैवाने कोणी पाण्यात पडलेच, तर निसरड्या बर्फाच्या कडेत हे खिळे रोवून अंग बाहेर ओढून घ्यावयाचे असते.

“बर्फ किती जाड असला म्हणजे चालता येते?” मी विचारले.

ते म्हणाले, “नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ असेल तर निदान चार इंच हवा. पांढरा, दुधासारखा दिसणारा बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. कारण त्याच्यात ताकद निम्मीच असते. आणि जेथे झरा फुटतो किंवा ओढा येऊन मिळतो तेथे जायचेच नाही. पूर्ण निर्धोक असा बर्फ जगात नाही, हे ध्यानात ठेवून चालायचे.”

त्या दिवशी बर्फ चौदा इंच जाड होता. तरीही मध्येच पायाखालून ढगांच्या गडगडाटासारखा एक लांबलचक आवाज गेला आणि माझ्या छातीत धस्स झाले. तापमान बदलले की बर्फ आकुंचन किंवा प्रसरण पावतो, त्याला भेगा पडतात, आणि त्याचाच हा नाद असतो, असे त्यांनी समजावून सांगितले. सगळेच हिवाळे मात्र असे भक्कम नसतात. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतील सर्वांत उबदार हिवाळा ठरला. त्या वर्षी अनेक तळ्यांवर बर्फाने नीट जम धरलाच नाही.

मुलांनो, येथे तुमच्या मनात एक शंका येईल. एवढ्या थंडीत तळे तळापर्यंत गोठून का जात नाही? आणि मासे जगतात कसे? याचे उत्तर पाण्याच्या एका विलक्षण गुणात आहे. बहुतेक पदार्थ थंड होतील तसतसे आकसतात आणि जड होतात. पाणीही तसेच वागते. परंतु केवळ चार अंश सेल्सियसपर्यंत. त्याहून थंड झाले की ते उलट हलके होऊ लागते, आणि त्याचा बर्फ तर पाण्याहूनही हलका असतो. म्हणून बर्फ वर तरंगतो आणि चार अंशांचे जड पाणी तळाशी राहते. वरचा बर्फ एखाद्या दुलईप्रमाणे खालच्या पाण्याची ऊब राखतो. पाण्याचा हा उलटा स्वभाव नसता, तर उत्तरेकडील तळ्यांत हिवाळ्यात मासाच उरला नसता.

ऊब राहते हे खरे. पण प्रकाश आणि प्राणवायू यांची मात्र टंचाई पडते. हिमाचा थर उजेड अडवतो. उजेडावाचून पाणवनस्पती प्राणवायू निर्माण करू शकत नाहीत. त्या मरतात, कुजतात आणि उरलेला प्राणवायू खाऊन टाकतात. हिवाळ्याच्या आरंभी क्रॅपी काठाजवळच्या हिरव्या पाणगवताशी असतो. गवत कुजू लागले की तो ती जागा सोडतो आणि तळ्याच्या खोल खोलग्यावर जातो. तेथेही तो अगदी तळाशी बसत नाही. तळाच्या चिखलाजवळ प्राणवायू कमी पडतो. म्हणून तो मध्येच, अधांतरी तरंगत राहतो. सायंकाळ झाली की चिखलातल्या कीटकांच्या सूक्ष्म अळ्या वर चढू लागतात, आणि त्यांच्यामागोमाग क्रॅपीचे थवेही वर सरकतात. वसंत ऋतू जवळ आला म्हणजे ते पुन्हा काठाकडे येतात. माशाचा हा दिनक्रम आणि हा ऋतुक्रम ज्याला ठाऊक, त्याच्यासाठी अर्धा शोध घरीच संपलेला असतो.

उरलेल्या अर्ध्या शोधासाठी सुतारआजोबांनी खिशातून तळ्याचा नकाशा काढला. आपण भूगोलात डोंगराच्या उंचीच्या समोच्च रेषा पाहतो, तशाच या नकाशात पाण्याच्या खोलीच्या रेषा होत्या. काठापासून उतरत जाणारा तळ कोठे एकदम खोल होतो ते त्यांनी बोटाने दाखवले. मग गिरमीट हाती घेतले. सुताराचे गिरमीट लाकडात भोक पाडते. हे गिरमीट चांगले कमरेएवढे उंच होते आणि बर्फात सहा इंच रुंदीचे भोक पाडीत होते. भोकात बर्फाचा चुरा तरंगू लागला. तो काढण्यासाठी त्यांनी जे साधन उचलले ते पाहून मला हसू आले. तो चक्क एक झारा होता! आपल्याकडे भजी तळताना वापरतात अगदी तसा.

चुरा निघाल्यावर त्यांनी एक लहानसे यंत्र भोकात सोडले. ते यंत्र पाण्यात ध्वनिलहरी सोडते. त्या लहरी थंड पाण्यातून सेकंदाला सुमारे १४०० मीटर वेगाने खाली जातात, तळावर किंवा माशावर आपटतात आणि प्रतिध्वनी होऊन परत येतात. परत येण्यास किती वेळ लागला यावरून खोली कळते. डोंगराला हाक मारल्यावर त्याची साद परत येते, तीच ही गोष्ट. यंत्राच्या घड्याळासारख्या तबकडीवर तळाची एक जाड रेघ उमटली. बाकी सारे रिकामे.

“येथे कोणी नाही,” असे म्हणून ते उठले. दुसरे भोक, तिसरे भोक, चौथे भोक. दर वीस पावलांवर तोच प्रकार. गिरमीट फिरत होते, झारा चालत होता आणि तबकडी रिकामी राहत होती. सहाव्या भोकानंतर नात कंटाळली. “आजोबा, एका ठिकाणी बसून वाट पाहिली तर मासा आपोआप येणार नाही का?” तिने मला मराठीत विचारले. मी तो प्रश्न सुतारआजोबांना इंग्रजीत सांगितला. ते हसले. “जेथे मासा नाही तेथे वाट पाहणे याला धीर म्हणत नाहीत. मासा सापडल्यावर वाट पाहायची, सापडेपर्यंत चालायचे,” ते म्हणाले.

नवव्या भोकाशी मात्र चमत्कार झाला. तेथे पाणी चाळीस फूट खोल होते आणि तळाच्या थोडे वर रेघांची अशी दाटी झाली होती की, त्या मोजता येईनात. नात आनंदाने टाळ्या पिटू लागली. गळ सोडणार, एवढ्यात सुतारआजोबांनी यंत्र बाहेर काढले आणि ते म्हणाले, “येथे नको.”

आम्ही दोघेही चकित झालो. इतका वेळ ज्याच्यासाठी वणवण केली तो खजिना सापडला आणि हा माणूस तो सोडून चालला! तेव्हा त्यांनी कारण सांगितले. माशाच्या पोटात वाताशय म्हणजे हवेची एक पिशवी असते. तिच्या साहाय्याने तो पाण्यात अधांतरी राहतो. पाण्यात दहा मीटर, म्हणजे सुमारे तेहेतीस फूट खाली गेले की दाब दुप्पट होतो. चाळीस फुटांवरचा मासा झरझर वर ओढला की तो दाब एकदम नाहीसा होतो आणि पिशवीतली हवा फुगून दुपटीहून अधिक होते. पुष्कळदा असा मासा पाण्यात परत सोडला तरी जगत नाही. “गळाला लहान लागेल की मोठा, हे आधी कोण सांगणार?” ते म्हणाले. “लहान निघाला तर मला तो परत करता आला पाहिजे. जो परत करता येत नाही तो मी वर काढीत नाही.”

नातीचा चेहरा उतरला. पण ती काही बोलली नाही. आम्ही उथळ बाजूला वळलो. सूर्य खाली झुकला होता. तेथे हिवाळ्यात पाचच्या सुमारासच तो मावळतो. अकराव्या भोकाशी चोवीस फूट पाणी होते, आणि तबकडीवर पंधरा फुटांच्या आसपास दोन-तीन बारीक रेघा हलत होत्या. संध्याकाळच्या खाण्यासाठी क्रॅपी वर येऊ लागले होते.

आता गळाची पाळी आली. नखाएवढा गळ, त्याला रंगीत धातूचा एक मणी आणि टोकाला एक पांढरी अळी. नातीने तो माशांच्या पातळीखाली सोडण्याचा बेत केला होता. सुतारआजोबांनी दोरी वर घ्यायला लावली. क्रॅपीची नजर वरच्या बाजूला लागलेली असते. आमिष त्याच्या थोडे वर असले तर तो वर चढून ते घेतो. खाली असले तर बहुधा त्याला पत्ताच लागत नाही. थंड पाण्यात माशाची हालचाल मंदावलेली असते, म्हणून आमिषही अगदी सावकाश हलवावे लागते.

पाच मिनिटे गेली. तबकडीवरची एक रेघ हळूच वर सरकली आणि आमिषाच्या रेघेला चिकटली. मी श्वास रोखून दोरी ताणली जाण्याची वाट पाहत होतो. पण घडले उलटेच! ताठ असलेली दोरी एकाएकी सैल पडली. “हाच तो!” सुतारआजोबा कुजबुजले. क्रॅपी आमिष तोंडात घेऊन वरच चढतो, त्यामुळे दोरीवरचे ओझे नाहीसे होते. खाडीतला मासा ओढून सांगतो की मी आलो; हा मासा सैल सोडून सांगतो. नातीने मनगट अलगद उचलले, आणि हिसका न देता, हातावर हात ठेवीत दोरी वर घेतली. भोकातून एक रुपेरी पान बाहेर आले. पण ते जेमतेम सहा इंचांचे होते. तिने सुतारआजोबांकडे पाहिले, आणि त्यांनी काही सांगण्यापूर्वीच मासा पाण्यात सोडला. शेपटीचा एक फटकारा देऊन तो दिसेनासा झाला. नवव्या भोकाशी आपण का थांबलो नाही, हे तिला त्या क्षणी निराळे समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

त्यानंतर तासाभरात दोघांनी मिळून दहा इंचांच्या आसपासचे सहा मासे काढले. अंधार पडला होता. तबकडीवर रेघांची गर्दी वाढतच होती. राज्याच्या नियमाप्रमाणे माणशी दहा क्रॅपी धरण्यास मुभा होती. तरी सुतारआजोबांनी दोरी गुंडाळली. “दोन घरांच्या जेवणाला सहा पुरेत,” ते म्हणाले.

“पण अजून खाली कितीतरी आहेत!” नात म्हणाली.

त्यांनी एका माशाचा खवला काढून विजेरीच्या उजेडात धरला. झाडाच्या बुंध्यात वर्षावर्षाची वलये असतात, तशी माशाच्या खवल्यातही असतात. उन्हाळ्यात मासा भराभर वाढतो, हिवाळ्यात त्याची वाढ खुंटते, आणि त्याची खूण खवल्यावर राहते. त्या गार प्रदेशात दहा इंचांचा क्रॅपी होण्यास पाच-सहा वर्षेही लागतात. “हा मासा आपण एका मिनिटात वर काढला, पण तळ्याला तो घडवायला इतके हिवाळे लागले,” असे म्हणून त्यांनी मिनेसोटाच्याच उत्तर भागातील रेड लेक या अवाढव्य सरोवराची हकीकत सांगितली. त्या सरोवराचा बराच मोठा भाग ओजिब्वे या आदिवासी राष्ट्राचा आहे. वॉलआय नावाच्या माशासाठी ते फार प्रसिद्ध होते. वर्षानुवर्षे तो मासा बेसुमार धरला गेला आणि अखेर तेथे वॉलआय जवळजवळ उरलाच नाही. १९९७ साली ओजिब्वे मच्छीमारांनी आपला व्यापार थांबवला. १९९९ साली राज्य सरकारनेही आपल्या भागात वॉलआय धरण्यास बंदी केली. दोघांनी मिळून १९९९, २००१ आणि २००३ या वर्षी सरोवरात कोट्यवधी पिल्ले सोडली. मधल्या काळात वॉलआयच्या रिकाम्या जागी क्रॅपी भरपूर माजले आणि लोक ते धरायला लोटले. २००६ साली वॉलआयवरची बंदी उठली. पण माणशी किती मासे धरावेत यावर मर्यादा घालूनच.

ही हकीकत ऐकताना मला आमचा कोकणचा किनारा आठवला. पावसाळा हा अनेक माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच कोळी बांधव पुन्हा दर्यावर जातात. खवळलेल्या समुद्राची भीती हे त्याचे एक कारण खरेच. पण त्या विसाव्यामुळे माशांनाही वाढण्यास अवसर मिळतो. एक प्रदेश बर्फाचा आणि दुसरा खाऱ्या वाऱ्याचा. परंतु पाण्यावर जगणाऱ्या शहाण्या माणसांना दोन्हीकडे एकच गोष्ट उमगली आहे.

मासे धरण्याच्या विद्येचे तीन भाग आहेत, असे आता मला वाटते. पहिला भाग शोधण्याचा. त्यासाठी माशाचे डोळे, त्याचे खाणे, त्याचा श्वास, पाण्याचा स्वभाव आणि ऋतूची चाल यांची माहिती हवी. आणि रिकाम्या भोकांना न कंटाळणारे पाय हवेत. दुसरा भाग धरण्याचा. त्याला हलका हात पुरतो. तिसरा भाग थांबण्याचा. नकाशा, गिरमीट आणि ध्वनिलहरींचे यंत्र ही साधने पहिल्या दोन भागांत आपल्याला मदत करतात. यंत्रे दिवसेंदिवस अधिक चांगली होत आहेत. बर्फाखालचा एकेक मासा ती दाखवू लागली आहेत. मात्र आता पुरे, हे सांगणारे यंत्र कोणी केलेले नाही. ते काम धरणाऱ्यालाच करावे लागते. मासा दिसत असताना, हाती दोरी असताना आणि नियमाची मुभाही शिल्लक असताना जो आपण होऊन दोरी गुंडाळतो, त्याच्या नातवंडांनाही त्या तळ्यात मासा मिळेल.